रेवेची धार न ओलांडता शिडांस सामोरे गेल्याची हकीकत

रेवामाईस दंडवत, ग्रामदेवतांस दंडवत, आणि मराठी मंडळाच्या तमाम सभासदांस, सभेस येवोत वा न येवोत, रामराम. सुभे जबलपूर येथे माघमासी रविवारी जी जलमोहीम जाहली तीस कोणी सहल म्हणतात, कोणी पिकनिक म्हणतात. ऐसे म्हणणारे त्या दिवशी घरी निजून होते. लिहिणारा स्वतः बोटीच्या वरच्या मजल्यावर भर उन्हात हजर होता, सबब जे डोळां देखिले ते लिहितो, आणि जे देखिले नाही तेही लिहितो, कां की बखरीस सर्वच ठाऊक असावे लागते. यात एक अक्षर कमीजास्त असल्यास दोष उन्हाचा.

राजमान्य राजश्री भय्यासाहेब किरकिरे, राहणार सदर बाजार, हे या मोहिमेचे धनी. यांचे मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून या मुलखात आले, आणि फौज परत गेली तरी हे राहिले, कां की घोडे आजारी होते. मग पिढ्या गेल्या, घोडे गेले, परंतु घोडेस्वारीचा अभिमान गेला नाही. खुद्द भय्यासाहेबांनी खमरियाच्या कारखान्यात छत्तीस वर्षे फोरमनकी केली, आणि सायकलीवर बसतानाही पाय रिकिबीत टाकल्यासारखा टाकीत. पाण्याशी मात्र या घराण्याचे कधी सख्य जाहले नाही. किरकिऱ्यांत आजवर कोणासही पोहता आले नाही, आणि न येण्याचे कोणास दुःखही नव्हते.

ऐसे असता निवृत्तीउपरी भय्यासाहेबांनी नर्मदा परिक्रमेचा संकल्प सोडिला. एका दमात होणारी गोष्ट नव्हे म्हणोन दर हिवाळ्यात पंधरा दिवस चालावे, जेथे गुडघा बसेल तेथे मुक्काम करावा, आणि पुढील हिवाळ्यात तेथून पुढे कूच करावे, ऐसा बेत ठरला. ग्वारीघाटापासून निघून चार हिवाळ्यांत स्वारी मंडल्यास पोहोचली. या वेगाने अवघी परिक्रमा पुरी होण्यास आणखी शंभर वर्षे लागतील, ऐसे कोणी हिशेबी माणसाने सांगितले असता भय्यासाहेब उत्तर करते जाहले की घाई कोणास आहे. परंतु परिक्रमेचा कायदा कठीण. परिक्रमा पुरी होईतो माईची धार ओलांडू नये. ओलांडली तर संकल्प मोडला आणि केले चालणे पाण्यात गेले. आता जबलपूर शहर उत्तर तीरी, आणि नागपूर, जेथे निम्मे सोयरेधायरे, ते दक्षिणेस. सबब चार वर्षांत नागपुरास तीन लग्ने, दोन मुंजी व एक वास्तुशांत जाहली, आणि भय्यासाहेबांनी सर्वांस या तीरावरूनच आशीर्वाद पाठविले.

आता मोहिमेचे मूळ कारण लिहितो. भय्यासाहेबांची नात अवंतिका, वय वर्षे वीस, नागपुरास वसतिगृहात राहून शिकते. हिने कॉलेजातील नौदल छात्रांच्या पथकात नाव घातले, आणि गेल्याच्या गेल्या दसऱ्यास घरी येऊन भर पंगतीत जाहीर केले की आपण शिडाच्या नौकेवर जाणार. भय्यासाहेबांच्या हातातील पुरी हातातच राहिली. त्यांस पाण्याचे भय वाटले, परंतु भय बोलून दाखविण्याची किरकिऱ्यांत रीत नाही, सबब ते भय राग होऊन बाहेर पडले. नावेत पाय ठेवलास तर मला तोंड दाखवू नकोस, ऐसा हुकूम सुटला. अवंतिकाही किरकिऱ्यांचीच. तिने पान पुरे केले, ताट उचलले, नावेत पाय ठेविला, आणि हुकूम शब्दशः पाळिला. त्या दिवसापासून भय्यासाहेब घरी असता ती घरी येत नसे. ते परिक्रमेस निघाले की ही दाखल होई, आणि ते परतण्याच्या आदले दिवशी निघून जाई.

अवंतिकेची मातुश्री विनताबाई शाळेत शिकवितात, आणि सुनेच्या नात्याने सासऱ्यांचे व आईच्या नात्याने लेकीचे, ऐसे दुहेरी ठाणे सांभाळितात. त्यांचे लेकीशी रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलणे होई. त्या वेळी भय्यासाहेब काही शोधण्याच्या मिषाने मागून जात, कधी चष्मा, कधी किल्ली, आणि त्यांची चाहूल लागताच तिकडे फोन छताकडे फिरे. मग पडद्यावर वसतिगृहाचा पंखा दिसे. सोळा महिने भय्यासाहेबांनी नातीऐवजी तो पंखा पाहिला. आणि फोन ठेविल्यावर सुनेस विचारीत, "पंखा बरा आहे ना?" त्या म्हणत, बरा आहे. परीक्षेच्या दिवसांत विचारीत, पंखा फार जागतो का. एकदा अवंतिकेस ताप आला तेव्हा पंखा बंद दिसला, आणि त्या रात्री भय्यासाहेब जेवले नाहीत. बोललेला शब्द परत घ्यावा ऐसे त्यांच्या मनी फार होते, परंतु तोंड दाखवू नको म्हटलेल्या माणसाचे तोंड पाहिल्यावाचून तो परत कसा घ्यावा, हे त्यांस उमजेना.

ऐशात माघाच्या आरंभी विनताबाईंस लेकीचा खलिता फोनवर आला की नौदल छात्रांच्या तीन दोन-डोलकाठ्यांच्या नौका मंडल्याहून शिडांच्या बळे निघून बरगीच्या जलाशयात येत आहेत, पैकी एकीवर आपण नायक आहोत, रविवारी दुपारी धरणाच्या धक्क्यास लागू, आणि परीक्षा तोंडावर असल्याने लागलीच बसने नागपुरास जाऊ. ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पडताच एकच गजर जाहला. दुमजली बोट भाड्याने घ्यावी, जलाशयाच्या मध्यावर सामोरे जावे, आणि आपल्या लेकीचे व परमुलखीच्या शिडांचे पाण्यावरच स्वागत करावे, ऐसे ठरले. मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव तामणे, रेल्वेतून निवृत्त, यांनी सरसेनापतीपद आपणांकडे घेतले, कोणी दिले नसता. यांनी स्वागताचे बारा पानी भाषण रचिले आणि ते सर्वांस ऐकू जावे म्हणोन हातात धरावयाचा भोंगा पैदा केला.

भय्यासाहेबांनी मसलतीत तोंड उघडिले नाही. परंतु दुसरे दिवशी पहाटे ग्वारीघाटी गेले आणि तेथील एका वृद्ध साधूस पुसते जाहले की परिक्रमेतील माणसाने नावेत बसावे काय. साधूने चिलीम बाजूस ठेवून निवाडा दिला, "धार मत लाँघना. बाकी मैया जाने." इतके होताच भय्यासाहेब घरी आले आणि सुनेस म्हणाले की भाकरी करा, तुकडा मी ओवाळीन. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा ही रीत सर्वांस ठाऊक आहे. घरातील बायका ते करितात. पुरुषाने आणि तेही भय्यासाहेबांनी ते करू म्हणावे, यातच काय ते विनताबाईंस समजले. त्या ज्वारीचे पीठ चाळावयास बसल्या.

मंडळाने सहा बैठका घेतल्या. फेटे किती, तुताऱ्या किती, केळी कोणाच्या गाडीतून, याची तजवीज जाहली. झेंडा कोणत्या हाती धरावा यावर दोन बैठका गेल्या. आणि मग शनिवारी दिवेलागणीस, सर्व सरंजाम बांधून जाहल्यावर, केळ्यांकडे पाहत असता भय्यासाहेबच शांतपणे म्हणाले की बोटीचा धक्का तर दक्षिण तीरी, तेथे जाण्यास तिलवाऱ्याचा पूल ओलांडावा लागतो, आणि तिलवाऱ्याच्या पुलाखाली नर्मदा वाहते. सभा गार पडली. दोनशे वर्षे या नदीकाठी राहून, रोज तिचेच पाणी पिऊन, सहा बैठकांत एकासही हे सुचले नव्हते, कां की नागपुरास जाताना तिलवाऱ्यास जो तो खिडकीतून पाण्यात नाणे टाकितो आणि पुढे डबा उघडितो. शशिकांतरावांनी पुलावरून डोळे मिटून जाण्याची तजवीज सुचविली. ती मंजूर जाहली नाही.

मग फौजेचे दोन भाग करण्यात आले. मुख्य फौज, माणसे एकतीस, मिनीबसने तिलवाऱ्यावरून दक्षिण तीरी जावी, बोट ताब्यात घ्यावी, आणि बोटीने जलाशय ओलांडून उत्तर काठी यावे. भय्यासाहेब व विनताबाई यांनी जीपने बरेल्याच्या रस्त्याने, शेताडीतून वाट काढीत, उत्तर काठच्या एका लहान गावाशी पोहोचावे, आणि तेथून बोटीत चढावे. बोटीने त्यांस घेऊन उत्तरेकडच्या पाण्यातच उभे राहावे, आणि शिडांनी येता येता जवळून जावे. जीपला हिसके फार म्हणोन भाकरतुकड्याची भाकरी बसमधील मोठ्या डब्यात ठेवावी ऐसे ठरले. या मोहिमेतील मोठी चूक ती हीच.

रविवारी सूर्योदयी दोन्ही फौजा कूच करत्या जाहल्या. बस सदरातून सुटते न सुटते तोच लोकांस भुका लागल्या. पिठले-भाकरीचा मोठा डबा उघडला, तो संपला, आणि मग त्याच्या तळाशी नव्या रुमालात बांधलेली एक भाकरी निघाली. ती खास कोणासाठी ठेविली असावी, ऐसे एकाने म्हटले. आपणांसाठीच असणार, ऐसे शशिकांतरावांनी म्हटले. चतकोर चतकोर करून ती वाटली गेली. लिहिणारा खोटे लिहीत नाही: एक चतकोर लिहिणाराने खाल्ली. भाकरी उत्तम होती.

इकडे जीप तीन तास हिसके खात उत्तर काठी पोहोचली. भय्यासाहेबांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता आणि डोक्यास केशरी फेटा, तो जीपच्या छतास लागून कलला होता. ठरल्या वेळेहून दीड तास उशिराने पाणी कापीत ‘मेकलसुता’ नामे दुमजली बोट आली, आणि वरून तुतारी वाजली, ती बेसूर. फळी टाकण्यात आली. किरकिऱ्यांच्या घराण्यात नावेत ठेविलेले हे दुसरे पाऊल. पहिले नातीने ठेविले होते. फळी हलली तशी भय्यासाहेबांनी सुनेचा हात धरिला, डोळे मिटिले, आणि आत आले. आत येताच विनताबाईंनी डबा मागितला, आणि एकतीस माणसे एकदम देखावा पाहू लागली.

विनताबाई रागावल्या नाहीत, आणि ते अधिक वाईट जाहले. रिकामा रुमाल त्यांनी झटकला, घडी घालून पर्समध्ये ठेविला, आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. केळे ओवाळावे काय, ऐसे कोणी पुसले. खव्याच्या जिलब्यांचा पुडा आहे, ऐसे दुसरा बोलला. भय्यासाहेब म्हणाले, "जिलबी ओवाळून टाकतात काय? जिलबी खातात."

त्याउपरी त्याहून मोठी अडचण उभी राहिली. जलाशय मैलोगणती पसरलेला, जिकडे पाहावे तिकडे सपाट निळे पाणी. यात माईची धार कोठे आणि काठ कोठे, हे कोणास समजावे. एक पक्ष म्हणे, अवघे पाणी तिचेच, आपण काठ सोडिला तेव्हाच गुन्हा जाहला. दुसरा पक्ष म्हणे, पाण्याची रुंदी मोजून निम्मे करावे. शशिकांतरावांनी फोनवर नकाशा काढिला, तो अर्धा उघडला आणि गोल फिरत राहिला. हा वाद तावातावाने चालला असता बोटीचा तांडेल अंजनी बर्मन, जो इतका वेळ सुकाणूपाशी मुकाट बसून होता, तो उठून भय्यासाहेबांपाशी आला.

हा अंजनी पन्नाशीच्या आतबाहेरचा, अंगाने सडपातळ, डोक्यास गमछा. धरण भरले तेव्हा हा दहा वर्षांचा होता, आणि याचे गाव पाण्याखाली गेले. समोर एक टेकडी, तिजवर पांढरे देऊळ. डावीकडे वाळलेल्या सागाचे एकच खोड पाण्यातून वर आलेले. त्या दोहोंकडे हात करून तो बोलता जाहला, "दादा, धार वो रही, टेकरी के नीचे से. यहाँ मैया नहीं बहती थी. यहाँ हमारा गाँव है." आणि मग त्याने सांगितले की बोट या क्षणी त्यांच्या घाटाच्या पायऱ्यांवर उभी आहे, मागे शाळा राहिली, उजवीकडे चिंच, आणि घाटाच्या पुढे वीस हात गेले की धार लागते. तो "है" म्हणाला, "था" म्हणाला नाही, हे लिहिणाराने नोंदून ठेविले. भय्यासाहेबांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि पाण्याकडे पाहिले, आणि अंजनीस म्हणाले की तुमच्या गावात उभे राहू दिले, मेहरबानी.

तेव्हा बोट घाटावर रोविली गेली आणि नजर पूर्वेस लागली. सुमारे दोन प्रहरी क्षितिजावर तीन ठिपके दिसले. ठिपक्यांची शिडे जाहली, प्रत्येक नौकेवर दोन दोन डोलकाठ्या, त्यांवर पांढरी कापडे पोटात वारा धरून तट्ट फुगलेली. या मुलखाने घोडे पाहिले, तोफा पाहिल्या, आगगाड्या पाहिल्या. शिडांचे आरमार पाहिले नव्हते. सर्वांत पुढे अवंतिकेची नौका. या नौकांची आपसांत शर्यतही लागली होती, आणि तिचा कायदा ऐसा की जी नौका वल्ह्यास हात न लाविता, केवळ शिडांवर, प्रथम धक्क्यास लागेल तीस मानाची ढाल. अवंतिकेची नौका मागच्यांहून पाव कोस पुढे होती. बोटीवर तुतारी वाजली, फेटे हलले, आणि शशिकांतरावांनी भोंगा सुरू करून घसा साफ केला, तो टेकड्यांपर्यंत ऐकू गेला.

आणि मग वारा पडला. नुसता मंदावला नाही, पडला. शिडे ओल्या धोतरासारखी लोंबू लागली. नौका सरकत सरकत थांबली ती नेमकी धारेच्या पल्याड, बोटीपासून दोनशे हातांवर. लोंबत्या शिडाआड माणसे दिसेनात. भय्यासाहेब कठड्याशी गेले, डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले. सोळा महिने पंखा, आणि आता कापड.

घटका गेली. वारा येईना. वारा आला की नौका धक्क्याकडे निघून जाईल, आणि धक्क्यावरून बस नागपुरास, आणि नागपूर धारेच्या पलीकडे. हे बोटीवर पोराटोरांसही कळत होते. विनताबाई सासऱ्यांकडे पाहत नव्हत्या. भय्यासाहेबांचे ओठ हलले, ते लिहिणारास वाटते चार हिवाळे मोजीत असावेत: पहिल्या हिवाळ्यात फोड, दुसऱ्यात ताप, तिसऱ्यात गुडघा, चौथ्यात मंडल्याचा घाट दिसताच आलेले रडू. मग ते वळले आणि सुकाणूपाशी अंजनीकडे गेले, जेथे शेजारीच शशिकांतराव भोंगा घेऊन उभे होते.

"अंजनी भैया, पार ले चलो."

"दादा, संकल्प टूट जाएगा."

"टूटने दो. उमर में एक बार और निकल लेंगे."

आता दैवयोग ऐसा की शशिकांतरावांचा भोंगा सुरूच होता. हे बोलणे पाण्यावरून गेले, टेकडीस आदळले आणि परत आले, आणि ‘टूटने दो’ हे शब्द अवघ्या जलाशयाने दोनदा ऐकिले. या मोहिमेत त्या भोंग्याचा जो काही उपयोग जाहला तो एवढाच. अंजनीने इंजिनास हात घातला, परंतु त्याचा हात सावकाश चालत होता, मुद्दाम सावकाश. बोट थरथरली. आणि तोच शिडाआडून आवाज आला, पातळ, परंतु स्वच्छ:

"आजोबा, रुको. पार नका करू. मी येऊन राहिली."

यानंतर जे जाहले ते लिहिताना कलम थांबते. पलीकडे एक हुकूम सुटला आणि दोन्ही शिडे सरसर खाली आली. मागच्या नौकांवरून काहूर उठले, कां की शिड उतरविले आणि वल्हे पाण्यास लागले की ढाल गेली. वल्ही पाण्यास लागली. सुकाणू दुसऱ्या मुलीच्या हाती देऊन अवंतिका स्वतः वल्ह्यावर बसली. आता वल्हविणाऱ्याची पाठ नेहमी जाण्याच्या दिशेस असते, हे किरकिऱ्यांपैकी कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सबब नौका धार ओलांडून जवळ जवळ येत गेली, आणि भय्यासाहेबांस दिसत होती ती पांढऱ्या सदऱ्यातील पाठ, घामाने भिजलेली, आणि टोपीखालची वेणी. ती मुद्दाम ऐसी बसली होती की नाही, हे बखरीस सर्व ठाऊक असूनही ठाऊक नाही. हुकूम मात्र शेवटच्या हातापर्यंत पाळला गेला. नौका बोटीस लागली, वल्ही उभी जाहली, आणि पाठ हलेना.

बारा पानी भाषण शशिकांतरावांनी घडी करून खिशात घातले. भय्यासाहेब कठड्यावरून वाकले. आवाज त्यांचा भोंग्यावाचूनही खमरियाच्या यंत्रांवरून ऐकू जाण्याजोगा, परंतु त्या वेळी बोटीवर तो विनताबाईंस आणि मजला, आम्हां दोघांसच ऐकू आला असेल.

"अवंतिका. बाई, तोंड दाखव."

ती वळली. नाक उन्हाने सोललेले, ओठ फुटलेले, आणि डोळे भरलेले. भय्यासाहेब पाहत राहिले. लिहिणाराच्या डोळ्यांसही पाणी आले, आणि ते उन्हाने नव्हे. लिहिणारा लाजत नाही.

मग भाकरीची आठवण जाहली आणि तमाम बोट पुन्हा खजील जाहली. तेव्हा अंजनीने सुकाणूखालचा आपला डबा उघडिला. आत वांग्याचे भरीत आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाड गाकरी, राख लागलेल्या. त्यांतील एक त्याने भय्यासाहेबांच्या हाती ठेविली. भय्यासाहेबांनी ती तोडिली, तुकडा नातीवरून तीन वेळा ओवाळिला, आणि टाकण्यासाठी मागे वळले. तोच अंजनी घाईने म्हणाला:

"उधर मत फेंकना, दादा. उधर हमारा आँगन है."

भय्यासाहेब थांबले. त्यांनी पाण्याकडे पाहून हात जोडिले, मग चार पावले चालून दुसऱ्या कठड्याशी गेले आणि तुकडा पुढे धारेकडे भिरकाविला, जेथे कोणाचेही घर नव्हते. उरलेली गाकर त्यांनी व अवंतिकेने अर्धी अर्धी खाल्ली. विनताबाईंनी पर्समधून तो नवा रुमाल काढिला, आणि लेकीने त्यात नाक पुसले.

इतक्यात वारा आला. मागच्या दोन नौका शिडे फुगवून बाजूने निघून गेल्या आणि ढाल त्यांतील एकीस मिळाली. अवंतिकेच्या सहकारिणींनी कुरकुर केली नाही. त्यांस जिलब्यांचा अवघा पुडा देण्यात आला. निघताना आजा-नातीत काही थोर भाषण होईल म्हणोन लिहिणाराने कागद सरसावून ठेविला होता. परंतु भय्यासाहेब इतकेच म्हणाले, "तुझ्या खोलीतल्या पंख्याच्या एका पात्यावर जाळं आहे. दिवाळीपासून आहे. पुसून घे." अवंतिका आधी हसली आणि मग तिने टोपी डोळ्यांवर ओढली. नौका दक्षिणेस गेली. भय्यासाहेब ज्या वाटेने आले त्याच वाटेने, हिसके खात, उत्तर तीराने घरी परतले.

येणेप्रमाणे ही मोहीम फत्ते जाहली. धार ओलांडिली नाही आणि संकल्प राहिला. ढाल गेली, एक तुतारी पाण्यात पडली, शशिकांतरावांचे भाषण वाचावयाचे राहिले, ते गणेशोत्सवात वाचण्याची त्यांनी धमकी दिली आहे. ज्यांच्या चतकोर भाकरीचा गुन्हा लिहिणाराच्या माथी आहे त्या विनताबाईंची त्याने घरी जाऊन माफी मागितली, आणि त्यांनी त्यास चहा पाजिला. भय्यासाहेब येत्या हिवाळ्यात मंडल्याहून पुढे निघणार आहेत.

आणि मंगळवारी संध्याकाळी सदर बाजारच्या घरी फोन वाजला, तो या वेळी विनताबाईंचा नव्हे, भय्यासाहेबांचा. त्यांनी चष्मा शोधून तो उचलिला. पडद्यावर प्रथम पंखा दिसला, बंद केलेला, तिन्ही पाती लख्ख पुसलेली. पंखा घटकाभर तसाच राहिला, त्यांनी नीट पाहून घ्यावा म्हणोन. मग फोन खाली वळला आणि तोंड दिसले. लिहिणाराने हे खरे जाणून लिहिले, आणि येथे कलम ठेविले.